अपसव्य

मे महिना. कूलरची खस वाळून कोळ.
गिट्टीखदानच्या भाड्याच्या खोलीत
पायथनची एक लायब्ररी, तेरा ओळींचा कोड,
आणि पिवळ्या नदीकाठची चिंधाबाई परातेची वस्ती:
एकेचाळीस घरं, एक सामाईक अंगण,
दोनशे चाळीस बिंदू.

पहिल्यांदा चालवला
तर वस्ती नागपुरात नव्हतीच.
अक्षांश आधी दिला होता मी, रेखांश नंतर,
आणि सगळी टिनाची छपरं
उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ बेटावर जाऊन पडली.
बाहेर सत्तेचाळीस अंश. मी एकटीच हसले.
दोन मिनिटं राहू दिलं त्यांना तिथेच.

मग आकडे उलटवले, माणसं घरी आणली.
रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं, तीही रोमन.
‘घरमालकीण’ बरोब्बर दहात बसली.
नशीब.

बाहेरची कड प्रदक्षिणेच्या दिशेनं द्यायची,
आतलं भोक उलट्या.
नियम कुणी केला ठाऊक नाही,
वाचताना श्राद्धाच्या पाटावरचा शब्द आठवला.
विहिरीचे नऊ बिंदू मी तसेच दिले, अपसव्य,
आणि अंगणाच्या मधोमध पडलं
एक पांढरं बीळ.

मोजणीच्या दिवशी चिंधाबाई सोबत चालली होती,
पदरानं यंत्राची काच पुसत.
कडुनिंबाखाली सॅटेलाइट हरवले, तर म्हणाली,
‘थांब वं पोरी, त्यालेई दम लागला असंन.’
विहिरीपाशी मी म्हटलं, ही वगळायची,
ही कोणाचीच नाही.
‘हाव,’ ती म्हणाली,
‘कोनाचीच नाई, मनूनच त सगळ्याईची.’

रात्री अडीचला लाइट गेली. बॅटरी अठरा टक्के.
विहिरीचा वेगळा आकार केला मी,
तेच नऊ बिंदू, आता सव्य,
शेवटी पहिला बिंदू पुन्हा, नाहीतर कड उघडी राहते.
घरमालकीण या रकान्यात
भरत गेले एकेकीचं नाव, स्वल्पविराम, पुढचं नाव.
एकेचाळीस मावणार नव्हतीच.
जागा संपली तिथे लायब्ररीनं
न बोलता कापलं.
पाच पूर्ण. सहावं ‘यमु’वर तुटलेलं.

दुरुस्त करता आलं असतं.
केलं नाही.
सोमवारी भूमापनचे साहेब फाईल उघडतील,
चष्मा कपाळावर चढवतील, विचारतील,
ही यमु कोण?

मी म्हणेन, सर, चला,
तिथूनच सुरुवात करू.