रकाना नऊ

सत्तेचाळीस मिनिटं.
होनगेकर सर खुर्चीत, मागं निळी भिंत,
भिंतीवर गेल्या वर्षीचं सोसायटीचं कॅलेंडर.
कॅमेरा एकच. हलत नाही. सरही हलत नाहीत.
अडतीस वर्षं तलाठ्याचं दप्तर सांभाळलेला माणूस
कन्नड न वाचता येणाऱ्यांना मराठीत सांगतोय
पहाणी कशी वाचायची.

मला ते नऊ मिनिटांत बसवायचंय.

आधी श्वास काढते.
मग 'म्हणजे काय की', एकशेबारा वेळा.
मग खोकला, तांब्या, आणि
'थांब, चष्मा कुठं ठेवलोय'.
कापलं की मान एकदम डावीकडं उडी मारते.
त्या उडीवर उताऱ्याचा फोटो घालते,
कन्नड अक्षरांभोवती पिवळं वर्तुळ,
खाली मराठी, दोन सेकंद, परत चेहरा.
एकाच चेह‍ऱ्याकडं माणूस किती वेळ बघेल?
लग्न लागतानासुद्धा बघत नाही.

वडगावात माझी खोली, खाली चार माग.
रेकॉर्डिंगमधली खटखट काढता येते,
पण सगळी काढली की सरांचा 'ळ'ही जातो.
म्हणून थोडी ठेवते.
सावंत्राक्का जिन्यातून ओरडते,
"काय करूलीस गं सकाळपासनं? एकच म्हातारा बोलूलाय!"
तिच्या बोटांत तुटलेला धागा.
गाठ मारते, अंगठ्यानं दाबते,
साडी नेसणारीला ती कधी सापडत नाही.
"तेच करूलो, अक्का."

एकतिसाव्या मिनिटाला सर म्हणतात,
"रकाना नऊला नाव नसलं, तर त्या शेतात तुम्ही पाहुणे."
ते वाक्य उचलून मी सगळ्यात पुढं आणलं.
पहिल्या आठ सेकंदांत कुणी कुणाचं देणं लागत नाही,
अंगठा वर सरकला की माणूस गेला.

उदाहरणाला सरांनी स्वतःच्याच जमिनीचा जुना उतारा घेतला.
हातानं लिहिलेला, कॉम्प्युटरच्या आधीचा.
"हे बघा. बाळाप्पा. मग निंगाप्पा, म्हणजे मी. मग..."
बोट कागदावर.
"बहीण आहे आमची. गंगव्वा.
तुर्केवाडीला दिलीय."
बोट तिथंच.
"त्या साली होनग्याचा चार्ज माझ्याकडंच होता.
अक्षर माझंच आहे."

चौदा सेकंद.
माग चालू. कॅलेंडरचं पान पंख्यानं हलतंय.
सर कॅमेऱ्याकडं बघत नाहीत,
माझ्याकडंही नाही, मी तर समोरच उभी होते.
मग म्हणाले, "पुढं. रकाना दहा."

अर्ध्या सेकंदाहून मोठी शांतता ठेवायची नाही,
हे मी शिकलेय, दुस‍ऱ्यांना शिकवलेय,
एका मुलाला त्यावरून रडवलेय.
चौदाची पहिल्यांदा दोन केली.
मग सात. मग रात्री जेवून आल्यावर चार.
वर्तुळ नाही, खाली अक्षरं नाहीत,
संगीत लावून बघितलं, लाज वाटली, काढलं.

आलेखात तिथं खड्डा आहे.
बरेच जण तिथूनच गेले.
जाऊ देत.

परवा सरांचा फोन.
"बघितलो. चांगलं झालंय.
पण शर्टाचं तिसरं बटण उघडं होतं, सांगायचं नाहीस?"
मी सॉरी म्हटलं. खरंच दिसलं नव्हतं,
इतके दिवस त्याच शर्टाकडं बघून.
"आणि ते, नऊच्या रकान्याजवळचं. किती ठेवलीस?"
"चार सेकंद, सर."
"हं."

मग फोनमध्ये खटखट ऐकू यायला लागली.
आमच्याच मागांची,
त्यांच्या कानापर्यंत जाऊन
परत आलेली.