पत्र्याचा आकडा

आमच्या क्लबाला आता हापीस झालंय, काचेचं.
पूर्वी सगळा कारभार उस्मानच्या सायकल दुकानात चालायचा,
पंक्चरच्या टबाशेजारी वही, वहीत बुटांचे पैसे,
आणि अमक्याला का बसवलं ते विचारायला
एका चहाएवढा वेळ लागायचा.
आता अर्ज द्यावा लागतो.
मी तीन दिले.
दोन मराठीत.
तिसरा शेजारच्या बसलिंगकडून कन्नडात लिहून घेतला,
म्हटलं, भाषेमुळं अडलं असंल.

भाषेमुळं नव्हतं अडलं.

सव्वीस वर्षं उद्यमबागेत साचे भरतोय मी.
वाळू ओली राहिली की लोखंड आतनं फुगतं,
वरनं गुळगुळीत, ठोकलं की बद्द वाजतं.
साहेबांनी एका हंगामात तीन कोच बदलले.
फुटबॉलातलं मला काय कळतंय बा, खरं
रस ओतताना साचा हलवू नये
एवढं कळतंय.

जर्सी पिवळी होती, ती करडी केली.
पाहणी केली म्हणे, लोकांना करडा आवडला.
कुठल्या लोकांना?
वडगावात मागावर बसून ज्यांनी पहिला पिवळा झेंडा विणला
त्यांच्या दारात तर कोण आलं नव्हतं विचारायला.
चौकात उभारून मी दोन दिवस वाट बघितली,
मलापण विचारतील म्हणून.

आणि भरमाणीला विकला.
भरमाणी मुतगेकर. डावा पाय.
भात कापून झाल्यावर उरलेल्या वावरात शिकलेला,
धसकटं चुकवत पळायचा,
त्यामुळं पुढं बॅकवाल्यांच्या तंगड्या
त्याला कधी लागल्याच नाहीत.
हुबळीला दिला.
ताळेबंद बसत नव्हता म्हणाले.
आमच्या जुन्या कारखान्यात
ताळेबंद आणि टाळेबंदी ह्यांच्यात
एका सहीचं अंतर होतं, ते मी बघितलंय.

काल हुबळी आली.

तिसऱ्या पायरीवर आम्ही नेहमीचेच,
कॅम्पातले दिनिस काका, गुडघ्यावर टोपी,
बसलिंग, शेंगांची पुडी,
आणि माझी धाकटी, जिला भरमाणीनं एकदा
सरावाचा फाटका बॉल दिला होता, तो अजून ती उशाला घेते.
करड्या जर्सीतले आमचे अकरा
एकमेकांना नव्यानं ओळखत होते.

साठावं मिनिट असंल.
डाव्या कडेनं तो निघाला.
कुठं वळणार, पायरीवरल्या प्रत्येकाला ठाऊक,
आमच्या बॅकला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.
जाळी हलली.

पहिली टाळी कुणाची ते सांगता येत नाही.
माझी असंल.
दिनिस काका उभे राहिले, काठी न शोधता.
मग सगळी गॅलरी.

भरमाणी नाचला नाही.
शेजारच्या घरी लग्नाला आलेल्यानं
स्वतःच्या दारावरनं मान घालून जावं तसा
मोजे वर ओढत मधल्या रेघेकडं चालत गेला.

‘पप्पा, गोल कुणाला झाला?’
आपल्यालाच.
‘मग टाळ्या कशाला?’
उठ, म्हटलं. तूपण वाजीव.

गेटाजवळ फळ्यावर आकडे लावायला
इमामसाबचं पोरगं असतं, अकरा वर्षांचं,
तेव्हा बहुतेक आईस्क्रीमवाल्याकडं बघत होतं.
टाळ्या ऐकून शिडीवर चढलं,
पत्र्याचा एक
आमच्या नावाखाली अडकवला.

कुणी बोललं नाही.
बसलिंगनं शेंगा पुढं केल्या.
सात मिनिटं
आम्ही एक शून्यानं पुढं होतो,
आणि खरं सांगतो, ह्या हंगामात
इतकं गुमान, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग काचेच्या हापिसातनं एक माणूस पळत आला.
तीन अर्जांना ज्यांना सवड झाली नाही
त्यांचा माणूस, चिखलात, चकचकीत बूट.
काढ म्हणाला, काढ तो आकडा.

काढला.
‘कुठं लावू?’ म्हणून पोरगं
त्याच्याकडं नव्हं,
शिडीवरनं आमच्याकडं बघालतं,
पत्रा हातात.