पाचापैकी किती

पुरवणीला सोमवारपर्यंत साडेतीनशे शब्द हवेत
आणि खाली एक आकडा, पाचापैकी.
अर्धा चालेल, पाव नको, असं कळवलंय.

तर 'वीजकन्या आणि टोळी', भाग दुसरा.
वेष्टणावर लिहिलंय: सहकुटुंब, एक ते चार खेळाडू.
आम्ही दोघं. ऐरोली, सेक्टर आठ, दुसरा मजला,
पंखा तीनवर, खिडकी बंद,
कारण रात्री एमआयडीसीकडून तो वास येतो
ज्याला इथे कुणी नाव देत नाही, नुसती खिडकी लावतात.

ओजस सात वर्षांचा. त्याच्याकडे जुना कंट्रोलर,
ज्याचं डावं बटण पहिल्या भागापासून चिकटतं
(उसाचा रस, कुणी सांडला ते ठरलेलं नाही).
तो चुंबकराव झाला, मी वीजकन्या.
"बाबा, तू मुलगी का?"
"तिला उडता येतं म्हणून."
"मग मला का नाही दिलीस?"

वहीत लिहिलं:
इथे कुणी मरत नाही. दुष्टाला फटका बसला
की त्याची बटणं होऊन सांडतात, आणि आपण ती वेचतो
जशी आई जुन्या शर्टांची काढून डब्यात ठेवायची.
पडलात तर बुडबुड्यातून तरंगत परत येता,
दुसऱ्याने तो फोडायचा, एवढीच अट.
कॅमेरा गोंधळतो. चुंबकराव भिंतीमागे राहिला
की ओजस ओरडतो, "मी कुठे आहे?"
आणि मला ते सांगता येत नाही.
तिसरा राक्षस म्हणजे पहिलाच, रंग देऊन.
टप्पा उघडेपर्यंत वृषालीची एक पोळी होते, फुगून, तूप लावून.
पहिल्या भागात कुठल्याही पाण्याच्या टाकीवर चढता यायचं.
आता टाक्या आहेत, शिड्या नाहीत.

हे शेवटचं दोनदा अधोरेखित केलं.

त्या टाक्यांवर केतकी चढायची.
तेव्हा आठची, पुढचे दोन दात पडलेले,
"फत्ते!" म्हणताना फ नुसताच हवेत जायचा.
सगळ्यात उंच टाकी गाठून ती बसून राहायची.
राक्षस खाली ताटकळलेला, माझं जेवण गार,
"थांब ना बाबा, दिवे बघतेय."

आता चौदाची. आतल्या खोलीतून
हेडफोन न काढता म्हणाली, "बालिश आहे."
खेळाबद्दल की कुणाबद्दल, विचारलं नाही.

शनिवारी रात्री शेवटची ओळ टाकली:
लहानांना ठीक, मोठ्यांना लवकर कंटाळा येईल. अडीच.
दिवा बंद केला.

रविवारी ओजस दुधाच्या मिश्यांसकट पलंगाशी.
"बाबा, रात्री आपल्याकडे चोर आला होता."
जाऊन पाहिलं. चौथा टप्पा उघडा, जो आम्ही उघडला नव्हता.
लपवलेले सोनेरी पतंग, अकराच्या अकरा.
वेळ एक चाळीस. खेळाडू: एक.
वीजकन्या जिथे सोडली तिथेच उभी होती,
टाकीवर,
खाली अख्ख्या शहराचे दिवे लागलेले.
शिडी नव्हतीच. मी तीन दिवस त्या टाकीभोवती फिरलो होतो.

केतकी उठली, तोंडात ब्रश.
"ताई, चोर वर कसा गेला?"
टीव्हीकडे न बघता ती म्हणाली,
"फ्लेक्सच्या मागनं जायचं असतं,"
आणि फ फेसात निसटला.

टाक्यांबद्दलचं वाक्य खोडलं.
राक्षसाबद्दलचं ठेवलं, ते खरंच आहे.
कॅमेऱ्याबद्दलचंही.
आकड्याची जागा अजून मोकळी,
ओजस म्हणतो, पाचापैकी सहा दे.

बटण पुन्हा चिकटलंय. स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन येतो.
दुरुस्त होतंय का बघतो,
आणि तिसरा केवढ्याला पडेल
तेही विचारतो, सहज.