गट क्रमांक सात

माझा घसा हेच माझं शेत.
खडीसाखर, गरम पाणी, आणि मंगळवेढ्यापासून
सांगोल्यापर्यंतच्या जत्रांच्या तारखा पाठ.
बैल कुणाचा, आदत की दुसा,
कुठल्या मैदानात कितवा आला,
सगळं बिनचूक सांगायचो.
बैलाला काय वाटतं, तेही मीच सांगायचो.
बघा बघा, अंगात कशी रग, पळायची कशी हौस!
माईक माझ्याकडे होता.

त्या दिवशी काळ्या रानात फाट्या आखलेल्या.
मालदांडी काढून आठ दिवस झाले होते,
धसकटं वेचली म्हणाले. सगळी वेचली नव्हती.
डॉक्टरीणबाईंनी सकाळी दाखले दिले,
चाळीस जोड्या, दीड तास, एक पेन.
पराणी नाही, खिळा नाही, असं कमिटीनं लिहून दिलेलं.
मी ते वाचूनही दाखवलं, दोनदा,
शुद्ध मराठीत.

सातव्या गटात मायाप्पा कोळेकरचा कोशा.
घरात पोरांना कोरा चहा, कोशाला म्हशीचं दूध.
खोटं कशाला बोलू, थंडीच्या दिवसांत मायाप्पा
त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायचा.
छकड्यावर मेहुण्याचा रेवण, एकोणीस वर्षांचा,
वजनाला हलका म्हणून निवडलेला.

निशाण पडलं.
मी मचाणावर होतो.
वरून सगळं आधी दिसतं.
जू तिरकं झालं, डावी बाजू दबली,
कोशा फाटी सोडून बांधाकडे वळला,
जिथं हुसेन नदाफ गारेगारच्या गाडीवर
बर्फ किसत होता, आमच्याकडे पाठ करून.

दोन सेकंद होते.
"पळा" म्हणायला अर्धा सेकंद लागतो,
मी घरी मोजून बघितलाय.
तोंडातून आलं ते रोजचंच:
कोशा सुटला, वाऱ्याला घाम फुटला!
आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

नंतर कोशा उभा होता मोडक्या चाकाजवळ,
पांढऱ्या अंगावर लालभडक ओघळ.
बायका ओरडल्या, रक्त, रक्त.
रक्त नव्हतं. गारेगारचा रंग होता.
मायाप्पानं बादली ओतली, पुन्हा ओतली,
गुलाबी पाणी भेगांत मुरून गेलं.
शेपटीच्या बुडाशी मात्र लाल हटेना,
धुवावं तसं नवं येत राहिलं.
डॉक्टरीणबाई वाकल्या, बोटानं चाचपलं.
दोन भोकं, जवळजवळ.
भोवती जुनी, बुजलेली, किती तरी.
रेवणच्या मुठीत खिळा अजून होता.
मनगट मोडलेलं,
तरी मूठ उघडायला दोघं लागले.

हुसेनभाई सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सव्वा महिना.
मांडीत सळई. मी मोसंबी घेऊन गेलो.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला,
मग म्हणाला, तू तर वर होतास.
एवढंच.

पारावर वाद अजून चालतो.
शर्यत नसली तर खिल्लार कोण सांभाळणार,
ट्रॅक्टर काय शेण टाकतो का,
दर रविवारी बाजाराबाहेर कत्तलीचा टेम्पो उभाच असतो.
खरं आहे. हे सगळं मीच
माईकवरून लोकांच्या तोंडी बसवलंय.
पण जगवल्याचं भाडं
असं शेपटीच्या बुडातून वसूल करायचं असतं का,
याचं यमक मला अजून जुळलेलं नाही.

यंदाच्या सुपाऱ्या आल्यात. तीन. उत्तर दिलेलं नाही.

परवा मायाप्पाच्या गोठ्यात गेलो.
कोशा कडबा खात होता, निवांत, कान पाडून.
जखम भरलेली, तिथं केस उगवलेले नाहीत.
मी हाक मारली, हळू, माईकशिवाय,
घरातल्या माणसाला मारावी तशी:
कोशा.

कडबा तोंडातच राहिला.
कान माझ्याकडे फिरले,
आणि तो मागं सरकला, सरकत गेला,
दावं ताणून खुंट्यापासून
जिथवर जाता येतं तिथवर.

मायाप्पा हसला. म्हणाला,
बघ, आवाज ओळखतोय तुझा.