उलटी बाजू

बालवाडीत एकोणीस वर्षं
मी र ला काना रा म्हणवून घेतलं.
साखर पेठेतली, दाजी पेठेतली पोरं.
आज कुणी टॉवेलचे गठ्ठे बांधतं, कुणी बँकेत बसतं,
रस्त्यात दिसले की गाडी थांबवून "बाई" म्हणतात.

आणि घरात लास्या.
साडेसहा वर्षांची, माझीच.
र ला काना रा म्हटलं
की पाटी ठेवून उठायची, माझ्याजवळ येऊन उभी राहायची.
"बस खाली."
बसायची.
"रा."
पुन्हा उभी.
दोन दिवस मला हा चावटपणा वाटला.
तिसऱ्या दिवशी डोक्यात शिरलं,
की घरात आम्ही तेलुगू बोलतो
आणि रा म्हणजे ये.

पो म्हणजे जा.
प ला ओकार मी बरेच दिवस टाळला.

वाचणं असं आलं. लिहिणं येईना.
तिचा क भिंतीकडे तोंड करून उभा,
ओळ उजवीकडून निघायची
मागच्या गल्लीतल्या तबस्सुमच्या वहीसारखी,
फक्त तबस्सुमचं बरोबर असायचं.
चैत्रातली दुपार, पत्रा तापलेला,
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला,
आणि मी तिचा हात धरून गिरवतेय,
जरा जास्तच जोरात.
टोक मोडलं.
ती रडली नाही. फरशीवरून टोक शोधून
डबीत ठेवलं, पडलेल्या दातासारखं.
लोकांच्या पोरांचा हात
मी कधी असा धरला नव्हता.

रात्री लाइट गेली.
एवढ्या उकाड्यातही तिला चादर लागते.
डोक्यावरून ओढून तंबू करून बसली होती,
बाहेर मोबाईलचा उजेड.
"अम्मा, रा."
गेले.
आतून, डोक्याच्या वर,
कडेला विणलेली अक्षरं उजळली होती,
जन्मल्यापासून रोज झोपताना तिने पाहिलेली,
माझ्या तक्त्याच्या कितीतरी आधीची:
रूपालोस.
प्रत्येक अक्षराची पाठ आमच्याकडे.
तिने उजवीकडून बोट फिरवलं
आणि न अडखळता वाचलं, "सोलापूर."

अंबादास पाळीवरून आला तेव्हा
आम्ही दोघी आतच होतो.
भुवयांवर कापसाची तूस,
हात धुता धुता सगळं ऐकून घेतलं त्याने.
"मग? मागावर सुलट बाजू खालीच असते की.
आम्ही दिवसभर उलटीच बघतो."
आणि जेवायला वाढ म्हणाला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही.
अजून तिचा न मधेच फिरतो.
मग मी चादर काढते,
ती गिऱ्हाइकासारखी दोन्ही अंगांनी चाचपते
आणि सांगते, "ही शाळेची बाजू."
दुसरी कुणाची, मी विचारलेलं नाही.

डबीत आता दोन दात आहेत
आणि चार टोकं.
त्यातली तीन माझ्या हातची.