निळी बाटली

झेफेरिनोनं सेतूबलच्या दुकानात
सत्तेचाळीस युरो मोजले.
बाटलीवर लाट, झाकणाला रबरी पकड,
जशी काही ती धावताना निसटणार होती.

पहिली दहा मिनिटं लिंबू.
मग आलं, असं खोक्यावर लिहिलेलं;
आलं आलंच नाही.
धक्क्यापर्यंत पोचेतो उरला
नुसत्या पुसलेल्या फरशीचा वास.

हा एके काळी हँडबॉलचा गोलरक्षक.
कापराचं मलम, ओली लोकर,
मध्यंतरात सोललेलं संत्रं...
जिन्यातच कळायचं मला, हरून आलाय.

आता मान पुढे करतो. "बघ, येतोय?"
मी नाक टेकवते.
तारल्यांची जाळी, जरासा घाम.
"येतोय," म्हणते.
कसला, ते तो विचारत नाही.