पिडणे

शब्दकोशात 'पिडणे' म्हणजे पीडा देणे, छळणे.
एवढंच.
लिहिणाऱ्यानं उद्यमनगरात येऊन
सकाळी दहाला माझ्या लेथपाशी उभं राहायला हवं होतं.

तेलाचा रिकामा डबा पालथा घालून
आण्णाप्पा मगदूम बसतात. टोपी गुडघ्यावर.
पहिल्या दिवशी पिशवीतून शेवयाच्या मशीनची तुटकी चकती काढली,
पितळेची, आता कुठं मिळत नाही.
"झालं काय गं पोरी?"
"उद्या बघूया, काका."
"उद्या म्हंजे बेस्तरवारी?"
"व्हय."
"परवा पण उद्याच म्हणालीस."

एकदाच विचारणाऱ्याला कुणी पिडतोय म्हणत नाही.
ह्या क्रियापदाला दिवस लागतात,
लोणच्यासारखं मुरावं लागतं.
'काल मला एकदा पिडलं' असं वाक्य
अख्ख्या कोल्हापुरात कुणी बोललं नसेल.
पिडतोय, पिडत बसलाय, पिडून ऱ्हायलाय,
बंदच होत नाही.

आई हा शब्द डासांना वापरायची,
दुखऱ्या दाढेला,
आणि धाकट्याला, जो रंकाळ्यावर न्हे म्हणून पदर ओढायचा.
बाबा वापरायचे बँकेच्या माणसाला.
देवाला आपणच पिडतो,
पण ते नवस म्हणून खपतं.

चैत्रात आले ते पहिल्यांदा. आता भादवा उतरतोय,
उन्हाळा गेला, शेवया राहिल्या.
"म्हातारी माझं डोस्कं खातीया," म्हणतात,
"म्हणून मी तुझं."
म्हणजे हे कळंब्याच्या एका चुलीपासून निघतं,
केएमटीत बसतं, अर्धं तिकीट काढतं
आणि माझ्या डब्यावर येऊन टेकतं.

खरं सांगतो
(आमच्याकडं बाईपण 'सांगतो'च म्हणते),
चकती गणपतीच्या आधीच झालीय.
एकशे बारा भोकं. एकेकात सुई घालून बघितलंय.
ड्रॉवरात आहे, चिंध्यांच्या खाली.

आज दहा वाजून वीस झाले तरी डबा रिकामा.
हातातलं काम तसंच टाकून
मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.
डब्यावरचा भुसा झाडला. उगंच.

मग आले. धाप लागलेली, बस चुकलेली.
बसले, टोपी काढली,
आणि नेहमीचं विचारायचं सोडून म्हणाले,
"लई पिडतोय न्हवं गं तुला?"

मी मोटार चालू केली,
ऐकू आलं नाही असं दाखवायला,
आणि त्या आवाजावरनं ओरडलो,
"उद्या!"